प्रॉपर्टी कळते हो, पण हितसंबंधांचं काय?

आत्ता चहाच्या वेळी एकांनी विचारलं, की उमेदवार अ‍ॅफिडेव्हिट देतात की, आता अजून काय पाहिजे? देतात ना. 2002-03 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांमुळे घर, जमीन, सोनं, कर्ज, केसेस सगळं लिहावं लागतं, बायकोच्या नावावरचं पण, मग पेपरात येतं की साहेबांची संपत्ती इतकी वाढली, आपण दोन दिवस चघळतो आणि सोडून देतो. पण ती झाली मालमत्ता. सभागृहात उभा राहून हा माणूस बोलतोय ते कोणासाठी, हे त्यातून कळत नाही.

1951 ची केस बघा, आपल्या मुंबईचीच आहे. हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुद्गल, यांनी बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून, म्हणजे सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेतले आणि त्यांच्या कामाचे प्रश्न संसदेत मांडले. नेहरूंनी स्वतःच्याच पक्षाच्या माणसाविरुद्ध चौकशी समिती आणली, टी. टी. कृष्णमाचारी अध्यक्ष, आरोप खरे निघाले. हकालपट्टी व्हायच्या आधीच मुद्गलांनी राजीनामा दिला. (ही आयडिया तेव्हापासूनची आहे बरं का.) आणि 2005 मध्ये तेच, फक्त कॅमेरा आला, प्रश्न विचारायला पैसे घेताना 11 खासदार सापडले, 10 लोकसभेचे, 1 राज्यसभेचा, डिसेंबरमध्येच सगळे बाहेर.

मधल्या काळात राज्यसभेनं एक चांगलं काम केलं, 1997 मध्ये नैतिकता समिती नेमली, पहिले अध्यक्ष आपले शंकरराव चव्हाण. तिथे नियम 293 खाली सदस्यांच्या हितसंबंधांचं रजिस्टर आहे आणि त्यात पाच गोष्टी लिहायच्या: मानधन मिळणारं डायरेक्टरपद, नियमित कमाईचं काम, कंपनीवर ताबा राहील इतके शेअर्स, पैसे घेऊन दिलेला सल्ला, आणि व्यावसायिक काम. शिवाय 294 म्हणतो, चर्चेच्या विषयात तुमचा आर्थिक संबंध असेल तर आधी सांगा, मगच बोला. मला विचाराल तर खरी जान या 294 मध्ये आहे, कारण ते त्या क्षणी, सगळ्यांसमोर सांगायचंय. लोकसभेला नैतिकता समिती आली 2000 मध्ये, पण नियम 293 सारखं रजिस्टर काही आलं नाही.

आता आपल्याकडचं. समजा एखादा सहकारी साखर कारखान्याचा चेअरमन राज्यसभेत गेला आणि उसाच्या एफआरपीवर, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या किमान दरावर, बोलायला उभा राहिला. सहकारात एक सभासद एक मत, त्यामुळे ताबा राहील इतके शेअर्स हा प्रकारच नाही. मानधन घेत नसेल तर डायरेक्टरपदाच्या खान्यातही तो बसत नाही. अख्खा तालुका ज्याच्या गाळपावर चालतो, त्या माणसाचं रजिस्टरमधलं पान कोरं राहू शकतं, आणि नियम एकही मोडलेला नसतो.