दोन जागांचा विरोधी पक्षनेता

श्रोतेहो, नमस्कार. भूतानचे पंतप्रधान शेरिंग तोबगे यांची कारकीर्द सांगताना बहुतेक जण २०१३ सालच्या विजयापासून सुरुवात करतात. मला ती २००८ सालच्या पराभवापासून सांगावीशी वाटते.

चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी स्वतः पुढाकार घेऊन सत्ता निर्वाचित संसदेकडे सोपवण्याचे ठरवले आणि मार्च २००८ मध्ये तिथे पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तोबगे तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. कालिंपाँगच्या डॉ. ग्रॅहम्स होम्समध्ये शालेय शिक्षण, पिट्सबर्ग विद्यापीठाची अभियांत्रिकीची पदवी आणि नंतर तांत्रिक शिक्षण व मनुष्यबळ खात्यांतील सरकारी नोकरी, असा त्यांचा सरळ प्रवास होता. ती नोकरी सोडून ते पीपल्स डेमोक्रॅटिक पार्टीत आले. त्या पक्षाला ४७ पैकी अवघ्या दोन जागा मिळाल्या आणि पक्षाध्यक्षही स्वतःच्या मतदारसंघात पडले. निवडून आलेल्या दोघांपैकी तोबगे विरोधी पक्षनेते झाले.

दोन जणांनी पंचेचाळीस जणांना काय अडवायचे, असे कोणालाही वाटेल. पण २०१० साली सरकारने संसदेला न विचारता वाहनांवरील करात फेरबदल केला, तेव्हा या दोन सदस्यांच्या पक्षाने उच्च न्यायालयात धाव घेतली. कर बसवण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार संसदेचाच आहे, हा त्यांचा मुद्दा न्यायालयाने मान्य केला. सरकार अपिलात गेले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरले. नव्या राज्यघटनेखालचा हा पहिलाच घटनात्मक खटला होता. सरकारने तो निकाल मानला, याचे श्रेय सरकारलाही द्यायला हवे.

२०१३ च्या निवडणुकीत पहिल्या फेरीत त्यांचा पक्ष मागे होता. मात्र भूतानमध्ये पहिल्या फेरीतील पहिले दोनच पक्ष अंतिम फेरीत उतरतात. त्यातच ऐन मतदानाच्या तोंडावर भारताने स्वयंपाकाच्या गॅसवरील आणि रॉकेलवरील सवलत थांबवली, आणि दिल्लीशी संबंध कोणी बिघडवले हाच प्रचाराचा विषय झाला. तोबगेंना ३२ जागा मिळाल्या. गॅस सिलिंडरचा त्यात किती वाटा होता यावर वाद आहे. माझ्या मते तो होता, पण आधीच्या पाच वर्षांच्या कामाशिवाय तो पुरला नसता. पंतप्रधान म्हणून जगाने त्यांना ओळखले ते प्रामुख्याने २०१६ च्या व्हँकुव्हर येथील भाषणामुळे, ज्यात घो हा भूतानी पुरुषांचा पारंपरिक झगा परिधान केलेल्या या गृहस्थांनी आपला देश सोडतो त्याहून अधिक कार्बन शोषतो, हे हसतखेळत समजावून सांगितले.

दोन फेऱ्यांचा तोच नियम २०१८ साली त्यांच्यावर उलटला. सत्ताधारी असूनही त्यांचा पक्ष पहिल्या फेरीत तिसरा आला. त्यामुळे संसदेत त्याला एकही जागा उरली नाही आणि सत्ता शल्यविशारद लोतै शेरिंग यांच्याकडे गेली. जानेवारी २०२४ मध्ये ३० जागा जिंकून तोबगे परतले.

राज्यघटनेनुसार पंतप्रधानपद एका व्यक्तीला दोनदाच भूषवता येते, म्हणजे ही त्यांची शेवटची पाळी. सध्या त्यांच्यासमोर असलेला सर्वांत अवघड प्रश्न आहे तो शिकलेल्या तरुणांच्या ऑस्ट्रेलियाकडे लागलेल्या रांगेचा, आणि त्यांना देशातच काम मिळावे म्हणून सध्याचे राजे जिग्मे खेसर यांनी आखलेले दक्षिण भूतानमधील गेलेफूचे नवे शहर उभे राहायला या पाळीची पाच वर्षे पुरणारी नाहीत.