म्हैस व्याली का गं?

(मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात वॉर्सा इथं २५ ऑक्टोबर २०२५ रोजी केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं संपादित.)

नमस्कार मंडळी.

२०२२ च्या मार्चमधल्या सुरुवातीच्या रात्री. आपल्यापैकी काही जण तेव्हा खिचडीची पातेली घेऊन पोलंडच्या हद्दीकडच्या झेशूफ शहरात गेले होते, आम्ही दोघंही होतो. युक्रेनमधून मेडिकाच्या नाक्यावरून चालत आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना तिथं उतरवून घेत होते आणि 'ऑपरेशन गंगा'ची विमानं त्यांना घरी नेत होती. हॉलच्या कोपऱ्यात एक मुलगी फोन चार्ज व्हायची वाट बघत बसली होती. दोन दिवस हद्दीवर थंडीत उभी राहून आलेली. बूट ओले, ओठ फुटलेले. फोन लागला तशी ती म्हणाली, "आई, मी पोचलो."

त्या 'पोचलो'वरून मला कळलं, पोरगी कोल्हापूरकडची. आमच्याकडं बायका असंच बोलतात, घरी गेले की मीही 'आलो, गेलो'च म्हणते. पलीकडं तिची आई रडत असावी, कारण ही बराच वेळ नुसतं "हं, हं" करत होती. मग तिनं विचारलं, "म्हैस व्याली का गं?" रेडी झाली का टोणगा, चीक शेजारी दिला का, सगळं विचारून घेतलं. ती गडहिंग्लजजवळची निघाली. तिला खिचडी वाढताना माझ्या मनात आलं, भीतीनं बिचारी भांबावलीय, म्हणून असलं काहीतरी विचारतेय.

माझं चुकलं होतं. ते कळायला मला साडेतीन वर्षं लागली, आणि आज तेवढंच सांगायला मी उभी आहे.

युद्ध सुरू झाल्यापासून आपण घरी फोनवर काय बोलतो, ते आठवून बघा. "इकडं सगळं ठीक आहे. लढाई तिकडं लांब चाललीय." मी दर रविवारी हेच म्हणत आले. माझे यजमान गेल्या वर्षापासून आठवड्यातले तीन दिवस झेशूफच्या ऑफिसात असतात, तिथून युक्रेनची हद्द शंभर किलोमीटरच्या आत आहे, हे मी कधी सांगितलं नाही. दारामागं एक बॅग भरून ठेवलीय, तिच्यात पासपोर्ट, मुलाचे दाखले, थोडे पैसे, औषधं आहेत, हेही नाही. आईवडिलांना उगाच घोर नको, हा त्यामागचा विचार. घोर लावायचा नाही म्हणून मग बोलणंही आखडत गेलं. पाऊस झाला का, जेवलीस का, ठेवते.

यंदा अडीच वर्षांनी गौरी-गणपतीला घरी गेले. महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी रुकडी सोडून वळिवडे स्टेशनातून जाते, तेव्हा दारात उभं राहायची माझी लहानपणापासूनची सवय. घरी पोचले, चहा झाला, आणि फ्रिजवर मला गोळ्यांचा डबा दिसला. आठवड्याच्या सात कप्प्यांचा. मला वाटलं आईचा असेल. आबांचा होता. मागच्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेन्ट घातले, चार दिवस दवाखान्यात होते. त्या चार दिवसांतल्या रविवारी मी फोन केला होता. आई म्हणाली होती, "आबा रंकाळ्यावर फिरायला गेल्यात."

मी चिडले. आई शेपू निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तुमच्याकडं लढाई चाललीया, त्यात आणि तुला कशाला ताप देऊ मी."

पुढचे दोन दिवस हेच चाललं. एकेक गोष्ट बाहेर पडत गेली. आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. काकांनी शेत वाट्यानं लावलं होतं. माझ्या बालमैत्रिणीचे वडील गेले होते, आणि मी तिला दिवाळीला हसरे फोटो पाठवत बसले होते. गौरी जेवल्या त्या रात्री झिम्मा खेळताना सगळ्या बायका मला "बारीक झालीस" म्हणत होत्या, मी त्यांची बारशी आणि सुतकं एका दमात ऐकत होते, आणि मधेच हातातला फोन बघत होते, कीव्हवर रात्री काय पडलं म्हणून. अडीच वर्षांचं साठलेलं एका आठवड्यात भरून काढता येत नाही हो. कितीही बसा अंगणात.

तिसऱ्या दिवशी आबांनी कपाटातून एक जाडजूड फाईल काढली. त्यांना कात्रणं ठेवायची सवय आहे. मी पोलंडला आल्यापासून पेपरात 'पोलंड' असा शब्द दिसला की ते कात्री घेतात. पहिली कात्रणं २०१९ च्या सप्टेंबरची: महापुराचा चिखल अजून निघायचा होता आणि वळिवड्याच्या कॅम्पात लहानपण काढलेले पोलिश आजी-आजोबा गाव बघायला आले होते. मग २०२२ पासून पानंच्या पानं युद्धाची. पोलंडमधल्याच प्शेवोदूफ गावात १५ नोव्हेंबर २०२२ ला क्षेपणास्त्र पडून दोन माणसं गेली, ती बातमी लाल पेनानं चौकट करून ठेवलेली. त्या आठवड्यात मी घरी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. शाळेच्या ॲटलासमधला युरोपचा नकाशा झेरॉक्स करून लावलेला, त्यावर पट्टी ठेवून मापं काढलेली. वॉर्सापासून युक्रेनची हद्द सरळ रेषेत दोनशे किलोमीटर. बाजूला बारीक अक्षरात, 'आपलं पुणं.'

आणि झेशूफभोवती पेन्सिलीनं गोल.

मी बघतच राहिले. आबा म्हणाले, "जावई तिकडं असतात न्हवं?" व्हिडिओ कॉलवर एकदा त्यांच्या मागं स्टेशनची पाटी दिसली होती. आबांनी ती अक्षरं उतरवून घेतली, नकाशात शोधली. वर्ष झालं त्याला. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, "तू सांगंनास. म्हटलं, विचारून पोरीला खोटं का बोलायला लावा."

वर्षभर त्या माणसानं ते एकट्यानं सोसलं, स्टेन्ट घातलेल्या छातीनं. मी त्यांचा घोर वाचवला असं समजत होते.

संध्याकाळी आम्ही महावीर उद्यानात गेलो. वळिवड्याच्या पोलिश लोकांचं स्मारक तिथं आहे, आपल्यातल्या कोल्हापूरकरांना ठाऊक असेल. बाकीच्यांसाठी सांगते. १९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधून लाखो माणसं सैबेरियाकडं आणि कझाकस्तानात हाकलली. त्यातली वाचलेली इराणमार्गे बाहेर पडली. त्यांपैकी सुमारे ५,००० जण, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला राहिली. शाळा होत्या, चर्च होतं, दुकानं होती. पुढं त्याच जागी फाळणीत घर सुटलेले सिंधी लोक आले आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. ज्या कापडाच्या पेठेत आपण लग्नाचा बस्ता बांधतो, तिथं आधी दोन देशांतल्या निर्वासितांच्या चुली पेटल्या आहेत. इथं वॉर्सात मोन्ते कॅसिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ कोल्हापूरचे आभार मानणारा फलक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली, तेव्हा आपण बरेच जण गेलो होतो. तेही कात्रण फाईलमध्ये आहे.

पण आबांनी सांगितलं ते फलकावर नाही. माझी आजी उचगावची, कॅम्पाला लागून. ती दहा वर्षांची असताना तिची आई कॅम्पात दूध घालायची, आणि ही बरोबर जायची. टपाल यायचा दिवस तिला पक्का आठवायचा. त्या बायकांचे नवरे आणि भाऊ पोलिश फौजेतून इटलीत लढत होते. पत्र आलं की पायरीवर बसून एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. त्यांच्याशी मोडक्या खुणांनी बोलणाऱ्या माझ्या पणजीनं एकदा एकीला विचारलं, काय लिहिलंय? त्या बाईनं दाखवलं: दात दुखतो. आणि तिनं उलट काय लिहिलं, तर पोराला नवे बूट घेतले. लढाईतून आलेल्या पत्रात दातदुखी! पणजीला त्याचं फार नवल वाटलं होतं. त्यातल्या कितीतरी जणींची घरं आज युक्रेनमध्ये असलेल्या ल्विवच्या आसपास होती. युद्ध संपल्यावर हद्दच सरकली आणि त्यांना परत जायला गाव उरलं नाही. मुलगा दोन इंचांनी वाढलाय हे मात्र बापाला कळलं होतं.

ते ऐकताना मला आमच्याकडं २०२२ मध्ये चार महिने राहिलेली युक्रेनची बाई आठवली. नवरा तिकडंच, त्याला देश सोडायची परवानगी नव्हती. रोज रात्री दोघं स्वयंपाकघरातल्या गळक्या नळावर बोलायचे, अर्धा-अर्धा तास. सायरन वाजला तर तो तेही सांगायचा, आणि मग पुन्हा नळ.

आता मे महिन्याचं सांगते, थोडक्यात. ७ ते १० मे, भारत-पाकिस्तानचे ते चार दिवस आपण सगळ्यांनी इथं जागून काढले. माझा आतेभाऊ फौजेत आहे. आमच्या जिल्ह्यात घरटी फौजी असलेली गावं आहेत, शिरोळ तालुक्यात तर एका गावाचं नावच सैनिक टाकळी. तो लग्नसराईला सुट्टीवर आला होता, सुट्टी रद्द झाली. आत्यानं भाकरी आणि खर्डा बांधून दिला. त्या चार दिवसांत मी आत्याला फोन केला नाही. काय बोलणार, या भीतीनं. ऑगस्टमध्ये भेटले तेव्हा ती रागावली नव्हती, पण म्हणाली, "तू फोन केली असतीस तर घराच्या विटांचं तरी बोललो असतो. कुणी दुसरं काही बोलतच न्हवतं बघ." याची मला आजही बोच आहे.

मी ७ सप्टेंबरला परत आले. तिसऱ्याच रात्री वीसच्या आसपास ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरले, काही पाडले गेले, आपला विमानतळ काही तास बंद झाला. सकाळी सव्वासहाला आईचा फोन. तिकडं पावणेदहा, टीव्ही चालू. "काय गं, तुमच्यावर पडलं म्हणं?"

तोंडावर आलं होतं, "काही नाही गं, लांब पडलं." ते गिळलं. मी सांगितलं की रात्रभर झोपले नाही. हे झेशूफला आहेत, सुखरूप आहेत, पण मला भीती वाटतेय. दारामागच्या बॅगेचंही सांगितलं. आई गप्प झाली. मग म्हणाली, "बॅगेत पोराचा स्वेटर घाल एक." आणि लगेच पुढं, आबांना चढावर दम लागतोय, डॉक्टरांनी परत इको करायला सांगितलाय, तुला सांगू नको म्हणालेत पण मी सांगतो. आम्ही चाळीस मिनिटं बोललो. गौरीची साडी इस्त्रीला टाकली का, हेही त्यात होतं.

त्या गडहिंग्लजच्या मुलीला म्हशीचं का विचारावंसं वाटलं, ते मला त्या सकाळी कळलं. आईशी बोलायचं म्हणजे गोठ्यातलंही बोलायचं. हद्दीवरचं तेवढं सांगून ते बोलणं पुरं झालं नसतं.

आपल्या मंडळात नव्यानं आलेली बरीच मुलं-मुली आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, घरी खरं सांगा. आणि तिकडचं खरं काढून घ्या, गोळ्यांच्या डब्यापर्यंत.

आत्ता इथं पाच वाजलेत, कोल्हापुरात साडेआठ. आबांचा इको गुरुवारी झाला, रिपोर्ट आज संध्याकाळी मिळणार होता. फराळाच्या रांगेत मी थोडी उशिरा दिसेन. आधी बाहेर जाऊन फोन करते.