हवाई विद्यापीठ कोणाचं?

मित्रहो, १९०८ च्या सप्टेंबरात होनोलुलूच्या यंग स्ट्रीटवर, एका तात्पुरत्या जागेत नव्या सरकारी कॉलेजचे वर्ग सुरू झाले, तेव्हा शिकवणारे तेरा होते आणि शिकणारे दहा. आज त्याच कॉलेजचं हवाई विद्यापीठ झालं आहे. मानोआ, हिलो आणि वेस्ट ओआहू ही तीन विद्यापीठं आणि निरनिराळ्या बेटांवरची सात कम्युनिटी कॉलेजं मिळून त्याचे दहा कॅम्पस आहेत. आज मला एकाच प्रश्नाचा माग काढायचा आहे: हे विद्यापीठ कोणाचं? हवाईतल्या लोकांनी तो शंभर वर्षांत पुन्हापुन्हा विचारला आहे, आणि दर वेळी विद्यापीठाला थोडं बदलावं लागलं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. हवाई हे स्वतंत्र राज्य होतं. मिशनऱ्यांच्या मदतीने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हवाईयन भाषा लिहिती झाली आणि लोक झपाट्याने वाचायला शिकले. १८३४ पासून पुढची शंभराहून अधिक वर्षं हवाईयन वर्तमानपत्रं निघत होती. त्यांची लाखाहून जास्त पानं आजही जपलेली आहेत. १८९३ साली राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं गेलं, १८९८ साली बेटं अमेरिकेने ताब्यात घेतली. या दोन घटनांच्या मधे, १८९६ साली, एक कायदा झाला. त्याने शाळांचं माध्यम इंग्रजी ठरवलं आणि हवाईयन शाळा बंद पडत गेल्या. कॉलेजची स्थापना १९०७ ची. म्हणजे ज्या पिढीला शाळेत आईची भाषा बोलल्याबद्दल मार बसत होता, त्या पिढीच्या भूमीवर हे कॉलेज उभं राहिलं.

कॉलेज काढलं ते शेतकी आणि यंत्रविद्येसाठी. अमेरिकेतल्या ‘लँड ग्रँट’, म्हणजे सरकारी जमिनीच्या देणगीवर उभ्या राहिलेल्या, कॉलेजांचा तो साचा होता. बेटांवर तेव्हा ऊस आणि अननस यांचं राज्य होतं. मळ्यांवर राबायला चीन, जपान, पोर्तुगाल आणि फिलिपिन्समधून मजूर आणलेले. त्यांच्या मुलांनी वर सरकावं कसं? पैसेवाल्यांची मुलं बोटीने अमेरिकेच्या मुख्य भूमीवर शिकायला जात. बाकीच्यांना तो खर्च झेपत नसे. विल्यम क्वाइ फाँग याप हे बँकेत नोकरी करणारे चिनी वंशाचे गृहस्थ. त्यांनी ४३८ सह्या गोळा केल्या आणि विधिमंडळाकडे मागणी केली की या कॉलेजचं पूर्ण विद्यापीठ करा. १९२० साली कला आणि विज्ञान शाखा जोडून हवाई विद्यापीठ सुरू झालं. एका बँक कर्मचाऱ्याच्या अर्जामुळे शेतकी कॉलेजात साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान आलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्याआधीची एक हकीकत आपल्या सह्याद्रीशी जोडलेली आहे. हवाईत कुष्ठरोग पसरला तेव्हा १८६६ पासून रुग्णांना मोलोकाई बेटावरच्या कलाउपापाला नेऊन ठेवत. एका बाजूला सरळ तुटलेला कडा, तीन बाजूंना समुद्र. सक्तीच्या विलगीकरणाचा तो कायदा १९६९ पर्यंत टिकला. उपचार म्हणून हाताशी होतं ते चौलमुग्राचं तेल. आपल्याकडे कोकणात आणि घाटात कडू कवठ नावाचं झाड आहे, ते याच कुळातलं. सुश्रुताने तुवरक म्हणून ज्याचं तेल कुष्ठावर सांगितलं ते हेच झाड मानतात. पण तेल घट्ट आणि कडूजहर. पोटात घेतलं की उलट्या, आणि टोचलं तर शरीरात पसरेना. कातडीखाली त्याच्या गाठी व्हायच्या.

अ‍ॅलिस बॉल ही सिअ‍ॅटलहून आलेली कृष्णवर्णीय तरुणी. १९१५ साली तिने या कॉलेजातून रसायनशास्त्राची मास्टर्स पदवी मिळवली. ती मिळवणारी ती पहिली स्त्री आणि पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. कलिही रुग्णालयातले डॉक्टर हॅरी हॉलमन या तेलाचा प्रश्न घेऊन तिच्याकडे आले. तिने काय केलं ते जरा नीट पाहू. तेलातली स्निग्धाम्लं तिने वेगळी केली, अल्कोहोलशी त्यांची क्रिया घडवून इथाइल एस्टर बनवले, आणि घट्ट तेलाच्या जागी शरीरात शोषलं जाईल असं पातळ औषध हाती आलं. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. ३१ डिसेंबर १९१६ रोजी, चोविसाव्या वर्षी, ती वारली. पुढे कॉलेजचे अध्यक्ष आर्थर डीन यांनी ते काम चालू ठेवलं, औषध मोठ्या प्रमाणावर तयार केलं, पण प्रसिद्ध केलेल्या निबंधांत तिचं नाव घातलं नाही. १९२२ साली हॉलमन यांनी लेख लिहून ही पद्धत बॉलची आहे असं नोंदवलं. तरीही ती विस्मरणात गेली. चाळीसच्या दशकात सल्फोन औषधं येईपर्यंत याच इंजेक्शनांवर जगभर भिस्त होती. बाबा आमटे आणि शिवाजीराव पटवर्धन ज्यांच्यासाठी झिजले त्या माणसांचं दुःख आपण महाराष्ट्रात जवळून पाहिलं आहे, म्हणून हे नाव आपल्याला ठाऊक असायलाच हवं. विद्यापीठाने २००० साली कॅम्पसवरच्या चौलमुग्राच्या झाडापाशी तिच्या नावाची पाटी बसवली. चौऱ्याऐंशी वर्षांनी. विद्यापीठ कोणाचं, या प्रश्नात ‘श्रेय कोणाचं’ हाही प्रश्न येतो.

आता एक मजल पुढे, १९७१ मध्ये. कॅम्पस वेगवेगळ्या बेटांवर, मधे समुद्र, आणि मोठा संगणक एकटा मानोआत. टेलिफोनच्या तारा महाग आणि भरवशाच्या नव्हेत. नॉर्मन अ‍ॅब्रमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओलहरींवरून संगणक जोडले आणि त्याला अलोहानेट म्हटलं. प्रत्येकाने आपला निरोप मनाला येईल तेव्हा पाठवायचा. दोन निरोप आदळले आणि पोच आली नाही, तर काही क्षण थांबून पुन्हा पाठवायचा. हे थांबणं प्रत्येकाचं वेगळं, नेम नसलेलं, म्हणून पुन्हा टक्कर होण्याची शक्यता कमी. या कल्पनेवरून रॉबर्ट मेटकाफ यांना तारेने संगणक जोडणारं इथरनेट सुचलं, आणि आपल्या घरातलं वायफाय त्याच वंशातलं आहे. बेटांची अडचण नीट समजून घेतली नसती तर हे सुचलंच नसतं.

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते भाषेवर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतच विद्यापीठात हवाईयन शिकवायला लागले होते, पण विदेशी भाषा शिकवावी तशी. १९५७ साली मेरी कावेना पुकुई आणि विद्यापीठातले सॅम्युएल एल्बर्ट यांनी मोठा शब्दकोश केला. कोशात भाषा सुरक्षित झाली, घराघरांत मात्र ती म्हाताऱ्यांपुरती उरली. १९७२ साली लॅरी किमुरा या तरुणाने आकाशवाणीवर हवाईयनमध्ये कार्यक्रम सुरू केला. दर आठवड्याला एखाद्या आजी-आजोबांना बोलवायचं, गावाची, शेताची, मासेमारीची, लहानपणीची विचारपूस करायची, आणि फोनवरून इतरांनीही त्यात बोलायचं. सोळा वर्षांत असे चारशेच्या आसपास कार्यक्रम झाले. जन्मापासून हवाईयन बोललेल्या शेवटच्या पिढीचे आवाज त्या फितींवर आहेत. उच्चार, लकबी, बोलताना मधेच थांबणं, हे कुठल्या कोशात सापडणार?

हवाई राज्याच्या १९७८ च्या घटनेने हवाईयनला इंग्रजीबरोबर राज्यभाषा केलं. पण १८९६ चा कायदा शाळांवर बसलेलाच होता. १९८३ साली किमुरा आणि त्यांच्या मित्रमंडळींनी पूनाना लेओ ही संस्था काढली. न्यूझीलंडच्या माओरींनी आदल्याच वर्षी सुरू केलेल्या बालवाड्यांचं उदाहरण त्यांच्यापुढे होतं. नीइहाऊ बेट सोडलं तर अस्खलित हवाईयन बोलणारी मुलं तेव्हा पन्नासही नव्हती. बालवाडीत दिवसभर हवाईयनच बोलायचं, असा नेम. पालकांनीही भाषेच्या वर्गाला बसायचं आणि शाळेची कामं करायची. आजीची भाषा मधली पिढी विसरलेली, तेव्हा आई मुलाबरोबर शिकत होती. १९८६ मध्ये कायद्याची ती अडसर दूर झाली, १९८७ मध्ये सरकारी शाळांत हवाईयन माध्यमाचे वर्ग आले.

आता विद्यापीठाने काय केलं? हिलो कॅम्पसने १९९७ साली हवाईयन भाषेचं स्वतंत्र कॉलेज उभारलं आणि त्याला राजकन्या रुथ केएलिकोलानी यांचं नाव दिलं. इंग्रजी समजत असूनही त्या आपल्या भाषेशिवाय बोलत नसत. या कॉलेजात शिक्षक तयार होतात, नव्या विषयांचे शब्द घडतात, जोडशाळेत मुलं शिकतात आणि पीएचडीपर्यंत जाता येतं. बालवाडीतलं मूल त्याच भाषेत डॉक्टरेटपर्यंत जाईल अशी सलग वाट या लोकांनी बांधली. मराठीतून उच्च शिक्षण द्यावं की नाही, यावर आपल्याकडे परिसंवाद होतात. माझं स्पष्ट मत असं की आपण बोलणाऱ्यांच्या संख्येवर विसंबून राहिलो. हवाईयन लोकांकडे संख्या नव्हतीच, त्यामुळे त्यांना पहिल्या दिवसापासून शिक्षक आणि पुस्तकं तयार करावी लागली.

हेच हिलो गाव, आणि त्याच्या मागे ४,२०५ मीटर उंचीचा मौना केआ. २३ मे १९६० रोजी चिलीच्या भूकंपाची त्सुनामी हिलोवर आली, एकसष्ट माणसं गेली, बंदराकाठचा बाजार धुऊन निघाला. गाव सावरायचं कसं, या विवंचनेत तिथल्या व्यापारी मंडळाचे मित्सुओ अकियामा यांनी १९६३ मध्ये विद्यापीठांना पत्रं धाडली: आमच्या डोंगरावर दुर्बिणी उभारा. खगोलशास्त्रज्ञ जेरार्ड कायपर यांनी आकाश तपासलं, ते अद्वितीय निघालं. जॉन जेफरीज यांनी हवाई विद्यापीठातर्फे नासाकडून पैसा मिळवला आणि १९७० मध्ये सव्वादोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण सुरू झाली. पुढे माथ्यावर तेरा दुर्बिणी झाल्या. २०१९ मध्ये कृष्णविवराचं पहिलं चित्र जगाने पाहिलं, त्यात तिथल्या दोन दुर्बिणींचा वाटा होता.

पण डोंगर रिकामा नव्हता. मूळ हवाईयन लोकांसाठी ते आकाशपिता वाकेआचं स्थान, पूर्वजांच्या दफनाची जागा. माथ्याजवळच्या वाइआऊ तळ्यात काही घराणी आजही बाळाची नाळ ठेवतात. १९६८ साली राज्याने माथ्याची जमीन विद्यापीठाला पासष्ट वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. ज्यांचं ते श्रद्धास्थान त्यांना कोणी विचारलं नाही. १९९८ मध्ये राज्याच्याच लेखापरीक्षकाने विद्यापीठाने डोंगराची नीट काळजी घेतली नाही असं स्पष्ट लिहिलं. मग आली तीस मीटर दुर्बिणीची योजना. तिच्यात भारत भागीदार आहे आणि भारतीय संस्थांत आपल्या पुण्याची आयुका आहे. म्हणून हा वाद आपल्यालाही परका नाही.

जुलै २०१९ मध्ये बांधकाम सुरू होणार म्हणताच लोक पायथ्याशी रस्त्यावर बसले. सगळ्यात पुढे खुर्च्या टाकून म्हातारी माणसं बसली होती. १७ जुलैला पोलिसांनी तीसहून अधिक वृद्धांना अटक केली. काहींना उचलून न्यावं लागलं. सुमारे महिनाभर माथ्यावरच्या दुर्बिणी बंद राहिल्या. आणि त्याच तळावर, लाव्हाच्या खडकांवर, आंदोलकांनी आपलं मोफत विद्यापीठ भरवलं. भाषा, इतिहास, कायदा यांचे वर्ग चालत, शिकवणाऱ्यांत हवाई विद्यापीठाचे अध्यापक होते. मला ते दृश्य फार महत्त्वाचं वाटतं. माथ्यावरही विद्यापीठ आणि पायथ्याशीही विद्यापीठ. खगोलशास्त्रज्ञांचं कुतूहल खरं होतं आणि त्या वृद्धांचं म्हणणंही खरं होतं. माझा कौल मात्र वृद्धांच्या बाजूने आहे, कारण पन्नास वर्षांपूर्वी डोंगराचा माथा देताना त्यांना विचारलं गेलं नव्हतं.

दोन्ही बाजूंना जोडणारं कामही हिलोतच झालं. विद्यापीठाच्या इमिलोआ या खगोलशास्त्र आणि हवाईयन संस्कृतीच्या केंद्राने पुढाकार घेतला आणि हवाईतून लागलेल्या शोधांना हवाईयन नावं मिळू लागली. २०१७ मध्ये माउई बेटावरच्या दुर्बिणीने सूर्यमालेबाहेरून आलेली पहिली वस्तू टिपली, तिला ओउमुआमुआ नाव दिलं. कृष्णविवराला पोवेही. दोन्ही नावांमागे तेच किमुरा होते, आकाशवाणीवर आजी-आजोबांना बोलतं करणारे.

२०२२ साली राज्याने कायदा करून मौना केआची व्यवस्था नव्या प्राधिकरणाकडे सोपवायचं ठरवलं. त्यावर मूळ हवाईयन परंपरेचे जाणकार आहेत, खगोलशास्त्राचे आणि विद्यापीठाचेही प्रतिनिधी आहेत. २०२८ मध्ये सगळा कारभार त्यांच्याकडे जाईल, भाडेपट्टा २०३३ मध्ये संपेल. २०२४ मध्ये दोन जुन्या दुर्बिणी उतरवून त्यांच्या जागा पूर्ववत केल्या गेल्या, त्यांतली एक हिलो कॅम्पसचीच होती. तीस मीटरची दुर्बीण तिथे उभी राहिलेली नाही.

इथे खगोलशास्त्राचे विद्यार्थी बसले आहेत. तुमच्यापैकी कोणी मानोआला किंवा हिलोला शिकायला गेलात, तर दुर्बिणीवरचा वेळ मागण्याआधी पहिल्या सत्रात हवाईयन भाषेचा वर्ग घ्या, आणि वर जाण्यापूर्वी पायथ्याशी कोण बसलं होतं ते त्यांच्याच तोंडून ऐका.