दुपारी अकरा ते तीन

मंडळी, पत्रिकेत विषय 'मनपाचा जलतरण तलाव' असा छापलाय पण मला बोलायचंय ते दुपारबद्दल. सकाळच्या बॅचला उभं राहायला जागा नसते, संध्याकाळी शाळा सुटल्या की तेच, आणि अकरा ते तीन गेटला कुलूप. त्या चार तासांत मनपा शाळेतली चौथी-पाचवीची पोरं पाण्यात उतरली पाहिजेत, मुलगे आणि मुली दोघं, एवढंच माझं म्हणणं आहे.

पण आधी पाण्याचं बोलू, कारण खडकवासल्याचा साठा खाली गेला की पहिली ओरड तलावावरच होते, प्यायला पाणी नाही आणि हे पोहतायत. राग कळतो मला. पण २५ मीटर लांब, साडेबारा रुंद, सरासरी दीड मीटर खोल तलाव धरा, पावणेपाच लाख लिटरच्या जरा आत पाणी बसतं, म्हणजे दहा हजारचे ४७ टँकर. हे पाणी काय रोज बदलत नाहीत हो, तेच पंपानं ओढून वाळूच्या फिल्टरमधून परत सोडतात. वाफ होऊन जातं, अंगाबरोबर बाहेर येतं, फिल्टर धुवायला बॅकवॉशला लागतं, तेवढीच भर घालायची. आणि तलाव बंद करून ठेवला की शेवाळ धरतं, मग रिकामा करा, फरशा सुटतात, पंप जाम होतो, आणि उघडताना ४७ च्या ४७ टँकर नव्यानं!

आता वासाचं सांगतो. आमच्या भागातल्या एका तलावावर मागं एक ठेकेदार होता. पोरांचे डोळे लाल व्हायला लागले, पालक म्हणाले क्लोरीन जास्त झालंय, यानं ब्लीचिंग अजून कमी केलं. झालं उलटंच. तो जो नाकात जाणारा वास असतो ना, तो निव्वळ क्लोरीनचा नसतो, घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जे तयार होतं त्याचा असतो. शॉवर घेतल्याशिवाय उतरू द्यायचं नाही आणि मोकळं क्लोरीन, म्हणजे अजून कशाशी संयोग न झालेलं, पुरेसं ठेवायचं, हा त्यावरचा इलाज. तिथले जुने कर्मचारी काचेच्या नळीत पाणी घेऊन ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीनचे, थेंब टाकायचे, पिवळा रंग किती चढतो ते उजेडात धरून मला दाखवायचे. त्यांना ठेकेदारानं काढलं. मग मी एका सोमवारी रजिस्टर बघायला मागितलं तर पुढच्या शनिवारपर्यंतचे आकडे आधीच भरलेले, एकाच पेनानं, एकाच अक्षरात. मला आजही त्याची चीड येते, कारण त्या पाण्यात आपली नातवंडं होती.

पूर्वी कुणी तलावाची वाट बघत नव्हतं, पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधायचा आणि मोठ्यांनी विहिरीत ढकलायचं. मुठेत पोहायचे लोक. आज मुठेत पाय तरी घालाल का? विहिरी बुजल्या, आणि पोरं रविवारी धरणाच्या पाण्यावर जातात, मग दर उन्हाळ्यात पेपरात ती बातमी येते.

हो, चिठ्ठी मिळाली, पाच मिनिटं. भराभर सांगतो.

महानगरपालिका अधिनियमात कलम ६३ मधे बंधनकारक कामं आहेत, ६६ मधे ऐच्छिक, आणि जलतरण तलाव ६६ मधे. म्हणजे कुणी मागितलंच नाही तर करायची सक्ती नाही, म्हणून मागायचं. चार तासांत ४५ मिनिटांच्या पाच बॅच बसतात, बॅचला वीस मुलं, शंभर झाली. महिन्यानं पुढची शंभर. चॅम्पियन नको, न घाबरता तरंगणं आणि काठ गाठणं आलं की पुरे.

जीवरक्षक आणि बाई प्रशिक्षक मनपाच्या पगारावर पाहिजेत, ठेक्यावर नकोत. दिव्यांग मुलांसाठी रॅम्प हवाच. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्यावर उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमधून, म्हणजे दिव्यांगांच्या ऑलिम्पिकमधून, ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन आले. बसचा खर्च शिक्षण विभागाच्या बजेटमधून मागायचा, शाळा जवळ असेल तर चालत.

निवेदनाचा मसुदा बाहेर टेबलावर ठेवलाय. सही करायच्या आधी वाचा, आणि मुलींच्या पोहायच्या कपड्यांबद्दल त्यात जे लिहिलंय त्यावर इथल्या आयांचं म्हणणं मला आजच पाहिजे, माइक त्या बाजूला द्या.