लाट एकाच फ्रेमची

[मालवणचा किनारा. सूर्य सिंधुदुर्गाच्या तटावर हातभर उरलाय. अलीकडे ओले खडक.]

हा मोरयाचा धोंडा. सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं १६६४ साली, आणि त्या आरंभाची पूजा शिवाजी महाराजांनी इथे केली. दगडात गणपती कोरलाय, चंद्र-सूर्य कोरलेत. पाण्यापलीकडे तीन वर्षांत उभा राहिलेला किल्ला.

अलीकडे कोरीव दगड, पलीकडे तट आणि मावळता सूर्य. हे सगळं एकाच चित्रात हवंय. डोळ्याला यात काहीच अवघड नाही. नजर सूर्याकडे गेली की बाहुली आकसते, दगडाकडे वळली की मोठी होते, आणि मेंदू दोन्ही जुळवून घेतो. कॅमेऱ्याला मात्र एका फ्रेमला एकच एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायच्या उजेडाचं एकच माप.

[दोन फ्रेम एकामागोमाग. पहिलीत दगड काळा, दुसरीत आकाश पांढरं.]

ही फ्रेम आकाशासाठी घेतलेली. दगड गेला. ही दगडासाठी. सूर्याच्या जागी पांढरं भोक पडलं.

चांगल्या फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या, सेन्सरचा अंधारापासून उजेडापर्यंतचा आवाका आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० ला साधारण १४ स्टॉपचा. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. त्यातले तळाचे दोन-तीन स्टॉप फारसे कामाचे नसतात, कारण तिथला अंधार उजळायला गेलं की दाणे आणि रंगीत ठिपके वर येतात. सूर्य फ्रेममध्ये आणि ओला काळा दगड सावलीत, हा फरक उरलेल्या आवाक्यात मावत नाही. म्हणून कमी-जास्त प्रकाशाच्या फ्रेम घ्यायच्या आणि त्या एक करायच्या. एचडीआर ते हेच.

कोकणात ही अडचण मुख्यतः संध्याकाळची. सकाळी सूर्य सह्याद्रीकडून वर येतो, ऊन आपल्या पाठीवरून समुद्रावर पडतं आणि एका फ्रेममध्ये काम होतं. पावसाळी ढगाळ दुपारी तर एचडीआर लावूच नये. सगळीकडे सारखा राखी उजेड असतो, तिथे फ्रेम एकत्र केल्या तर ढग फक्त मळके होतात.

[रत्नागिरीजवळचा आरे-वारे किनारा, वरच्या रस्त्यावरून. मग पुन्हा मालवण.]

वरून गडद, खाली पारदर्शक अशी ग्रॅज्युएटेड फिल्टरची काच आरे-वारेला चालते. तिथे समोर सरळ क्षितिज आहे. मालवणला तट, बुरूज आणि माड क्षितिजाच्या वर डोकं काढतात, आणि काच त्यांचेही माथे काळे करते. इथे ब्रॅकेटिंगच हवं, म्हणजे त्याच चौकटीच्या कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम ओळीनं घेणं.

[ओहोटीचे खडक, पाण्याची डबकी, शेवाळ.]

आधी भरतीचा हिशेब. किनाऱ्यावर जुना ठोकताळा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्यास्ताला पाणी मागे गेलेलं असतं, आणि उधाणाचे दिवस असल्यानं ते खूप मागे जातं. खडक उघडे पडतात, डबक्यांत आकाश उतरतं. अष्टमीला त्याच वेळी पाणी पायाशी. हा हिशेब ढोबळ आहे. खडकावर उतरायचं असेल तर त्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघूनच उतरावं, आणि पाणी चढायला लागलं की सामान उचलावं.

सूर्याची जागाही आधी तपासावी. मालवणच्या अक्षांशावर तो डिसेंबरात पश्चिमेच्या दक्षिणेला सुमारे २४ अंश मावळतो, जूनमध्ये उत्तरेला तेवढाच. किल्ला हलत नाही, सूर्य हलतो. तट आणि सूर्य एका रेषेत येण्याचे दिवस प्रत्येक जागेवरून वेगळे.

[ट्रायपॉडचे पाय ओल्या वाळूत. लाट येऊन जाते.]

हे पाय बघा. लाट मागे फिरली की पायाखालची वाळू घेऊन जाते आणि ट्रायपॉड बोटभर खचतो. तेवढ्यानं पाच फ्रेम एकमेकींवर बसत नाहीत. तटाची कड दुहेरी दिसते, आणि घरी ते फोकस चुकल्यासारखं वाटतं. पाय वाळूत वीतभर दाबून घ्यावेत, किंवा प्रत्येक पायाखाली जांभ्याची सपाट चीप ठेवावी. एक-दोन लाटा जाऊ द्याव्यात, मग चौकट पक्की करावी. मधला खांब वर काढू नये. गळ्यातला पट्टा सोडून ठेवावा, वाऱ्यात तो फडफडतो आणि कॅमेरा थरथरतो.

[कॅमेऱ्याचा मागचा पडदा, जवळून.]

मॅन्युअल मोड. आयएसओ १००, ऑटो आयएसओ बंद. ते चालू राहिलं तर काही कॅमेरे शटरच्या वेळेऐवजी आयएसओ बदलतात आणि उजळ फ्रेममध्ये दाणे भरतात. अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं भोक) एफ ११, सगळ्या फ्रेमना तेच. ते बदललं तर स्पष्टतेची खोली बदलते आणि फ्रेम जुळत नाहीत. एफ १६ च्या पुढे गेलं की प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळंच किंचित मऊ होतं. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर. फोकस धोंड्याच्या थोडा पलीकडे धरून मॅन्युअलवर. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझर बंद. फाइल रॉ, म्हणजे सेन्सरनं टिपलेली कच्ची.

बदलायचं ते फक्त शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ.

[पाच फ्रेम ओळीनं, प्रत्येकीचा हिस्टोग्राम.]

मधली १/३० सेकंद. दोन-दोन स्टॉपनं खाली १/१२५ आणि १/५००. वर १/८ आणि १/२. आकडे या संध्याकाळचे आहेत, दुसऱ्या दिवशी बदलतील. पाठ करायचा तो हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख: डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. सगळ्यात गडद फ्रेममध्ये सूर्याभोवतालचं आकाश उजव्या भिंतीला चिकटता कामा नये. सूर्याची तबकडी चिकटली तर चालेल, ती पांढरी राहूच द्यावी. सगळ्यात उजळ फ्रेममध्ये दगडाच्या सावल्या डाव्या भिंतीपासून सुटलेल्या हव्यात. दोन्ही टोकं मिळाली की पुरे. तीन फ्रेममध्ये मिळत असतील तर पाच घेऊ नयेत.

कंटिन्युअस ड्राइव्ह, दोन सेकंदांचा टायमर, एकदाच दाबायचं. पाचही उघडझापी मिळून पाऊण सेकंदाच्या आत संपतात.

[रापण, किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं. दोन्ही बाजूंना दोर ओढणारी माणसं.]

पण पाऊण सेकंदात किनाऱ्यावर बरंच काही हलतं. ही रापण बघा.

[हीच फ्रेम, पाच एकत्र केलेली.]

पाच फ्रेम सरळ एकत्र केल्यावर दोर ओढणाऱ्याला तीन हात आले. दोर तुटक, पाय अर्धे पारदर्शक. याला घोस्टिंग म्हणतात. माणसांच्या बाबतीत ते लगेच दिसतं, म्हणून दुरुस्त होतं. लाटेच्या बाबतीत दिसत नाही.

[लाट खडकावर फुटते. सावकाश.]

पहिल्या फ्रेमला लाट इथे होती. शेवटच्या फ्रेमला इथे. सॉफ्टवेअर दोन्हींची सरासरी काढतं किंवा तुकडे जोडतं, आणि जे तयार होतं त्याला लाट म्हणता येत नाही. फेस राखाडी, कड नाही, खालचं पाणी दुधाळ. कोकणच्या किनाऱ्याच्या असंख्य एचडीआर चित्रांत समुद्र असा मेलेला दिसतो, त्याचं कारण हे. सगळी मेहनत आकाशावर होते आणि पाणी यंत्रावर सोडलं जातं.

उपाय एकच. आकाश, तट, दगड पाच फ्रेममधून घ्यावेत. जवळचं पाणी एकाच फ्रेममधून.

[जुनं छायाचित्र: समुद्र आणि ढग.]

हे शहाणपण जुनं आहे. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये ग्युस्ताव्ह ल ग्रे समुद्राची छायाचित्रं काढत होता. त्या वेळच्या कलोडियन या रसायनाचा लेप दिलेल्या निगेटिव्हच्या काचा निळ्या उजेडानं फार लवकर भरायच्या. समुद्राला पुरेसा वेळ दिला की आकाश जळून जायचं. त्यानं आकाशाची एक आणि समुद्राची एक अशा दोन निगेटिव्ह घेतल्या, सांधा क्षितिजावर ठेवला आणि एकाच कागदावर छापल्या. म्हणजे लाट त्याच्याकडेही एकाच काचेवरची होती. पुढे १९९७ साली पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी अनेक एक्स्पोजरमधून दृश्यातल्या उजेडाचं प्रमाण गणितानं काढायची पद्धत मांडली. त्या गणितात दृश्य स्थिर धरलेलं आहे. समुद्र स्थिर नसतो.

[पुन्हा लाट. तीन वेगवेगळी शटर.]

म्हणून ब्रॅकेट झालं की कॅमेरा न हलवता ब्रॅकेटिंग बंद करावं आणि फक्त पाण्यासाठी वीस-पंचवीस फ्रेम घ्याव्यात. १/५०० ला थेंब हवेत थांबतात. १/८ ला लाटेला वजन येतं. १/२ ला, लाट मागे फिरत असताना, फेसाच्या शिरा वाळूवर ओढल्या जातात. दाबायचं ते पाणी परतू लागल्यावर. येणारी लाट एवढ्या वेळात नुसता पांढरा पट्टा होते.

[संगणकाचा पडदा. लाइटरूम हे फोटो-संपादनाचं सॉफ्टवेअर.]

पाच फ्रेम निवडून फोटो मर्ज, एचडीआर. ऑटो अलाइन चालू, वाळूवर घेतलेल्या फ्रेमला ते लागतंच. ऑटो सेटिंग्ज बंद. डीघोस्ट, म्हणजे हलणाऱ्या गोष्टींची दुरुस्ती, आधी लो. ओव्हरले चालू केलं की सॉफ्टवेअरनं कुठे एकच फ्रेम वापरली ते रंगात दिसतं. माडांच्या झावळ्या, होड्या, माणसं त्यात आली की बस. हाय ठेवलं तर खडकाच्या सावल्याही एकाच फ्रेममधून घेतल्या जातात आणि दाणे परत येतात. पाण्याची काळजी इथे करू नये, ते पुढे बदलायचंच आहे.

मर्ज झालेल्या फाइलचा एक्स्पोजर स्लायडर अधिक-उणे ५ ऐवजी १० पर्यंत जातो. हाताशी असलेला उजेड किती वाढला ते त्यावरून कळतं.

मग निवडलेली पाण्याची फ्रेम. तिचा उजेड आणि रंग मर्जशी जुळवायचा, दोन्ही फोटोशॉपमध्ये थर म्हणून उघडायच्या, पाण्याचा थर वर ठेवून त्याला काळा मास्क, म्हणजे थर झाकणारा पडदा, द्यायचा आणि पांढऱ्या मऊ ब्रशनं फक्त जवळचं पाणी उघडायचं. कड खडकाच्या ओल्या रेषेवर ठेवावी, फेसाच्या मधोमध नको. दूरच्या पाण्यावरचा सूर्याचा पट्टा मर्जमधलाच राहू द्यावा. तिथल्या लाटा बारीक असतात, सरमिसळ कळत नाही.

[तटाची वरची कड, शंभर टक्के मोठी करून.]

ही पांढरी किनार म्हणजे हेलो. क्लॅरिटी (कडा ठसठशीत करणारा स्लायडर) किंवा टोन-मॅपिंगची (उजेडाचा मोठा आवाका पडद्यावर मावेल असा दाबण्याची) ताकद जास्त झाली की गडद तटाभोवती आकाश उजळतं. तटाची कड, क्षितिज आणि झावळ्या, या तीन जागा शंभर टक्क्यांवर तपासाव्यात. क्लॅरिटी पूर्ण चित्राला न देता मास्कनं फक्त दगडावर द्यावी.

[डबक्यातलं प्रतिबिंब.]

प्रतिबिंब त्याच्या आकाशापेक्षा कधीच उजळ नसतं, पाणी थोडा उजेड आत घेतंच. सावल्या उचलताना डबकं आकाशापेक्षा उजळलं तर चित्र कुठेतरी खोटं वाटायला लागतं, आणि बघणाऱ्याला कारण सापडत नाही. डबकं खाली आणावं.

[गणपतीपुळ्याजवळचा जांभ्याचा कडा. तीच फ्रेम, रंग भडक केलेली.]

आणि जांभा. त्याचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा. भिजला की तो विटकरी राहत नाही, जवळजवळ काळा-तपकिरी होतो. सॅच्युरेशन वाढवलं की पहिला नारिंगी होतो तो जांभा, मग पाणी हिरवंनिळं. जांभ्याचा खरा रंग डोळ्यासमोर ठेवून बाकीचे रंग लावावेत. भडक चित्रं जाहिरातींत जातात, आणि किनारा कसा होता हे त्यांवरून पुढे कोणाला कळत नाही.

[सूर्य गेलाय. निळसर उजेड. लेन्सवर खाऱ्या पाण्याचे ठिपके.]

काचेवर खार बसलीय. कोरड्या फडक्यानं पुसू नये, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्यानं ओलसर केलेलं मायक्रोफायबर, मग कोरडं. ट्रायपॉडचे सांधे त्याच रात्री गोड्या पाण्याखाली धरावेत.

सूर्यास्ताला वीस-पंचवीस मिनिटं झाली की आकाश आणि दगड यांतला फरक उतरतो. हिस्टोग्राम दोन्ही भिंतींपासून सुटला.

[धोंडा, तट, सपाट निळं पाणी.]

ब्रॅकेटिंग बंद. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनही बंद, नाहीतर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून राहतो. एफ ८, पंधरा सेकंद. एकच फ्रेम.