फॉरमॅट मारण्याआधी

मंडळी, फळ्यावर आजचा विषय लिहिलाय, ‘ब्राउझर चित्रं दाखवत नाही तेव्हा’. त्याच्याखाली कुणीतरी बारीक अक्षरात लिहून ठेवलंय, ‘फॉरमॅट मारा’, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं घाला. ज्यानं लिहिलं त्यानं हात वर करू नये, कारण माझं आजचं सगळं भांडण त्याच्याशीच आहे. (हशा)

इथं कोल्हापुरात, राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत गिऱ्हाईक काय झालंय ते सांगत नाही, काय करायचं ते सांगतं. पिशवीतनं लॅपटॉप काढला की पहिलं वाक्य, “भावा, तेवढं फॉरमॅट मारून दे.” अरे पण झालंय काय? “ते तू बघ की. फोटो दिसत नाहीत.” दवाखान्यात जाऊन कुणी म्हणतं का, पोटात दुखतंय, तेवढी आतडी बदलून द्या? इथं मात्र सर्रास चालतं. आणि आमच्या धंद्यातली माणसंही नाही म्हणत नाहीत, कारण तपासायचे पैसे कुणी देत नाही, फॉरमॅटचे देतं. हे माझ्याच पोटावर पाय आणून बोलतोय, याची नोंद घ्या.

माझं म्हणणं एवढंच आहे. फॉरमॅट मारलं की एका दमात हजार गोष्टी बदलतात. त्यातनं बरं वाटलं तरी कशानं वाटलं ते कळत नाही, आणि नाही वाटलं तर आता जुन्या दुखण्यावर नवं कुठलं चढलं तेही कळत नाही. दोष शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट हलवायची. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. मला हे माझ्या मामानं शिकवलं, म्हणजे मामाच्या लॅपटॉपनं.

मामा हुपरीचे. चांदीचं काम, पैंजणं. हुपरीची चांदी मी तुम्हाला सांगायला नको, तुमच्या घरातच असेल. मामांचा एक बाहेरगावचा व्यापारी, त्यानं वेबसाइट काढली. त्यावर पैंजण बोटानं फिरवून चहूबाजूंनी बघता येतं, साखळीची कडी न् कडी दिसते. मामांनी त्यावर नग बघायचा आणि तसा करून पाठवायचा. एक दिवस फोन आला. “आरं, पैंजण दिसंना झालंय. नुसते पांढरे चौकोन. मी काय चौकोन घडवू व्हय?”

मी म्हटलं, मामा, रविवारी येतो. मामांना रविवारपर्यंत धीर कुठला? शेजारच्या पोराला लॅपटॉप दिला. त्यानं एका दुकानात नेऊन फॉरमॅट मारून आणला. दुकानाचं नाव विचारू नका, सांगणार नाही, आपली पण काचेची घरं आहेत. संध्याकाळी मामांचा फोन, “झालं बघ, दिसायला लागलं.” जरा आचके देत फिरतंय म्हणाले, पण दिसतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पांढरे चौकोन. पुन्हा फॉरमॅट. पुन्हा एक दिवस बरं. तिसऱ्यांदा फॉरमॅट मारताना गेल्या दिवाळीपासूनचा नगांचा आणि वजनांचा हिशेब गेला. मामीनं सगळं वहीत लिहून ठेवलं होतं म्हणून मामा वाचले. मामींची वही कधी हँग होत नाही.

रविवारी मी गेलो. आता नीट ऐका, कारण यातच सगळं आहे.

पहिलं काम, मी काहीही बदललं नाही. मोबाइलवर, त्याच नेटवर, तीच साइट उघडली. मोबाइलवर पैंजण झकास फिरलं. म्हणजे साइट ठीक, नेट ठीक. दोन संशयित सुटले, खर्च शून्य. मग लॅपटॉपवर क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन दाबलं, म्हणजे इन्कॉग्निटो खिडकी. लोकांना वाटतं ही खिडकी चोरून काहीतरी बघायला असते. (हशा) हसू नका, दुरुस्तीवाल्याला तिच्याइतकी उपयोगी खिडकी दुसरी नाही. त्या खिडकीत एक्स्टेंशन्स, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, चालत नाहीत, आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर. तिथं साइट उघडली आणि पांढरे चौकोन गेले, फोटो आले.

म्हणजे चोर एक्स्टेंशनमध्ये. बघतो तर डेटा वाचवणारं एक एक्स्टेंशन, मोठी चित्रं आणि जड स्क्रिप्ट अडवणारं. मामांनी डोंगलच्या काळात कधीतरी घातलं होतं आणि विसरले होते. पण तीनदा फॉरमॅट मारून ते राहिलं कसं? राहिलं नाही, परत आलं. फॉरमॅट झाल्यावर मामा रात्री क्रोममध्ये आपल्या खात्यानं लॉगिन करायचे, सिंक चालू करायचे. सिंक इमानी. बुकमार्क आणतं, पासवर्ड आणतं, आणि एक्स्टेंशन्सही आणतं. घर पाडून नवं बांधलं तरी भाडेकरू जुनाच, किल्ली त्याच्याकडे. म्हणून एक दिवस बरं, दुसऱ्या दिवशी चौकोन.

एक्स्टेंशन काढलं. फोटो आले, पण पैंजण अजून आचके देतंय, पंखा गिरणीसारखा घुमतोय. हे आचके पहिल्या फॉरमॅटच्या आधी नव्हते. मी मामांना विचारलं, आधी कसं फिरायचं? “लोण्यासारखं.” मग डिव्हाइस मॅनेजर उघडला, डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्सच्या खाली बघितलं. तिथं इंटेल नाही, एनव्हिडिया नाही, लिहिलंय ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर’. हा बदली कामगार आहे मंडळी. ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्रं काढणारा भाग, आणि ड्रायव्हर म्हणजे त्याला कामाला लावणारा प्रोग्राम; कार्डाचा खरा ड्रायव्हर मिळाला नाही की विंडोज याला उभा करतं. पडदा पेटता ठेवतो, पण कार्डाची ताकद याला वापरता येत नाही.

विंडोज एरवी नेटवरून ड्रायव्हर आपण होऊन आणतं. मग इथं का आणला नाही? कारण त्या पोरानं, भलं करायच्या हेतूनंच, मामांचं मोबाइलचं नेट ‘मीटर्ड’ करून ठेवलं होतं, डेटा जळू नये म्हणून. मीटर्ड जोडणीवर विंडोज ड्रायव्हर उतरवत नाही, तुम्ही वेगळं सांगितल्याशिवाय. म्हणजे मूळ दुखणं एक होतं, एक्स्टेंशनचं, जे अर्ध्या मिनिटात गेलं असतं. फॉरमॅटनं ते घालवलं नाहीच, वर दुसरं चिकटवलं. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर बघून ड्रायव्हर घातला, रिस्टार्ट केला, पैंजण लोण्यासारखं. मामा म्हणाले, “एवढंच होतं व्हय?” मामांच्या त्या ‘एवढंच’ मध्ये तीन फॉरमॅटचे पैसे होते.

आता कार्ड कामावर नसेल तर आचके का, हे सांगितलं पाहिजे, आणि त्यासाठी मला जरा आडवाटेला जावं लागेल. सिनेमावाले बाबूराव पेंटर आपल्याला कॅमेऱ्यासाठी ठाऊक, १९१८ साली याच गावात त्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला. पण त्याच्या आधी ते आणि आनंदराव पेंटर संगीत नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. पडदा एकदा रंगवायचा. महाल, रस्ता, जंगल. प्रयोगात प्रवेश बदलला की पेंटरला कुणी हाक मारत नाही, विंगेतला माणूस दोरी ओढतो, जंगल वर, महाल खाली. ब्राउझर असंच करतो. पानाचे थर एकदा रंगवून ठेवतो आणि तुम्ही वर-खाली सरकवता तेव्हा नुसते थर हलवतो. ही दोरी ओढायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. यालाच सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन म्हणतात. कार्ड नसेल तर प्रोसेसरलाच रंगवायचंही आणि ओढायचंही. आणि फिरणारं पैंजण हा तर एकदा रंगवून भागणारा पडदाच नाही, तो प्रत्येक क्षणी नव्यानं रंगवायचा. २०११ साली वेबजीएल आलं, त्यामुळे वेबपानाला कार्डाशी जवळपास थेट बोलता यायला लागलं. सेकंदाला साठ पडदे. कार्ड ते हसत करतं. बिचारा प्रोसेसर एकटा केवढं करणार?

आणखी एक, फोटोचं गणित. मोबाइलनं काढलेला ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा फोटो फाइलमध्ये ३ एमबी दिसतो. पडद्यावर दाखवायला तो पूर्ण उलगडला तर प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे ४८ एमबी. एका पानावर असे तीस फोटो कुणी तसेच टाकले तर दीड जीबीच्या घरात गेलो. गाडगं केवढं, पाणी केवढं! आपल्याकडच्या लग्नाच्या हॉलांच्या साइट बघा, तिथं दोष तुमच्या लॅपटॉपचा नसतो, ज्यानं साइट बनवली त्याचा असतो. त्यांना मी…

चिठ्ठी आली. सात मिनिटं. सातनंतर इथं भजन आहे. म्हणजे मी ज्या तपासण्या सांगायला उभा राहिलो त्या आता पळत सांगतो, लिहून घ्या.

आधी दुसरी साइट आणि दुसरं यंत्र. मग कंट्रोल-शिफ्ट-आर, यानं पान साठवलेली जुनी प्रत न वापरता नव्यानं येतं. मग इन्कॉग्निटो. तिथं चाललं तर दोष एक्स्टेंशनचा किंवा साठलेल्या कुकीजचा, म्हणजे साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदींचा. एक्स्टेंशन्स एकेक बंद करत जा, सगळी एकदम नाही! दुसऱ्या ब्राउझरमध्ये, फायरफॉक्समध्ये वगैरे, उघडून बघा. सगळ्याच साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडवत असतील तर घड्याळ बघा. तारीख चुकली की साइटची प्रमाणपत्रं खोटी ठरतात. डेस्कटॉपवर रोज तारीख मागं जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलाय, फॉरमॅट नका मारू, सेल बदला.

पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा, जीपीयू असं टाइप करा. वेबजीएलसमोर ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटेड’ हवं. ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ किंवा ‘डिसेबल्ड’ दिसलं तर कार्ड कामावर नाही. फायरफॉक्सला अबाउट, कोलन, सपोर्ट. कधी कधी ड्रायव्हर असतो, पण ब्राउझरच त्याला उतरू देत नाही. गडबड करणाऱ्या ड्रायव्हरांची यादी ब्राउझर स्वतःजवळ बाळगतो. दुखऱ्या गुडघ्याच्या पोराला वस्ताद मातीत उतरू देतो का?

पान काळं पडतंय, लुकलुकतंय, तर सेटिंग्जमध्ये सिस्टम, तिथं ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशनचं बटण बंद करून क्रोम परत चालू करा. बंद केल्यावर नीट झालं तर दोषी ड्रायव्हर. पण मग बटण तसंच ठेवून घरी जाऊ नका, ड्रायव्हर बदला आणि बटण पुन्हा चालू करा. ते बंद ठेवलेले निम्मे लॅपटॉप माझ्याकडे ‘स्लो झालाय’ म्हणून येतात. अख्खा पडदाच गोठला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम. पडदा क्षणभर काळा होतो, ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो, उघडलेलं काम शाबूत राहतं.

विंडोज ७ वाल्यांनो, क्रोमची १०९ ही तुमची शेवटची आवृत्ती, २०२३ च्या जानेवारीतली. तुम्ही कितीही अपडेट दाबा, पुढची येणार नाही, आणि नव्या साइट हळूहळू रुसायला लागणार. आणि ज्या जुन्या साइटवर फ्लॅश होतं, म्हणजे हलती चित्रं दाखवणारा जुना प्रोग्राम, तिथला करडा चौकोन अपडेटनं किंवा फॉरमॅटनं जाणार नाही. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपलं. त्यावर माझ्याकडे औषध नाही, कुणी आहे म्हणालं तर पैसे देऊ नका.

एकच प्रश्न घेतो, टाळ वाजायला लागलेत. हां, मागच्या काका. रॅम वाढवू का? काका, आधी शिफ्ट-एस्केप दाबा, क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, कुठला टॅब किती मेमरी खातोय ते ओळीनं दिसतं. किती टॅब उघडे असतात तुमचे? …बेचाळीस? काका, रॅम नंतर. आधी एकेचाळीस बंद करून बघा, आणि मग दुकानात या.