मुकन्नी: पाण्यासाठी जमिनीत उतरणारी माणसं

इराणमधल्या यझ्द शहराच्या आसपासचं वाळवंट वरून पाहा. मातीची गोल कडी, एकापुढे एक, डोंगराच्या दिशेने गेलेली. प्रत्येक कड्याच्या मधोमध विहिरीचं तोंड आहे, आणि या सगळ्या विहिरी खालून एकाच बोगद्याने जोडलेल्या आहेत. तिथे याला कनात म्हणतात.

डोंगराकडची सगळ्यात खोल विहीर म्हणजे मादर-चाह, आईविहीर. तिथे लागलेलं पाणी मोटेशिवाय, पंपाशिवाय, नुसत्या उताराने गावात येतं. गोनाबादची कनात सुमारे 33 किलोमीटर लांब आहे आणि आजही वाहते आहे.

इराणचा इतिहास म्हटलं की सायरस, दारियस या राजांची नावं येतातच. मला थांबावंसं वाटतं ते मुकन्नीपाशी. कनात खणणारा तो मुकन्नी. खोदाई गावाच्या टोकाकडून सुरू करायची, म्हणजे पाणी लागलं की ते पाठीमागे वाहून जातं. बोगदा जेमतेम वाकून शिरता येईल एवढा. दिशा चुकू नये म्हणून मागे दोन दिवे ठेवायचे. वळून पाहिलं की दोन्ही एका रेषेत दिसले पाहिजेत. दिवा मंदावला तर हवा कमी पडली, वर निघायचं. उतार जास्त झाला तर पाणी तळ खरवडतं, कमी झाला तर गाळ धरतो. छत कोसळून कितीतरी जण आतच राहिले. मुकन्नी पांढरे कपडे घालून उतरत. अंधारात दिसावेत म्हणून, आणि वेळ आलीच तर तेच कफन.

ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो, की कोरड्या जमिनीवर पाणी आणणाऱ्याला इराणी राजे ती जमीन पाच पिढ्या कसायला देत. पाच पिढ्या! या कामाची किंमत त्या राजांना ठाऊक होती.

पाणी गावात पोचलं की पुढचं काम मीराबाचं, म्हणजे पाणी वाटून देणाऱ्याचं. त्याच्यासमोर पाण्याने भरलेलं मोठं भांडं, त्यात तळाला बारीक भोक असलेली वाटी. वाटी बुडाली की एक माप झालं. आपल्याकडे लग्नाच्या मुहूर्तासाठी घंगाळात घटिकापात्र सोडत, अगदी तसंच. एकाची पाळी संपली की पाणी दुसऱ्याच्या शेतात वळायचं.

2016 साली इराणच्या 11 कनाती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. तोवर गावोगावी खोल बोअर झाले होते, पंप बसले होते, भूजल खाली गेलं होतं. पाण्याची पातळी बोगद्याच्या तळाखाली उतरली की कनात कोरडी पडते. अशा अनेक पडल्या.

जिथे पाणी आहे, तिथे मुकन्नी अजूनही उतरतो. तळाचा गाळ भरतो, दोरी हलवतो. वर रहाट फिरतो, आणि ती ओली माती विहिरीभोवतीच्या कड्यावर रिकामी होते.